हवेचा धडा

जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्याइतका शास्त्रीय वृत्तीचा माणूस प्रयोगशाळेतही सहज सापडायचा नाही. आडत्याने गोणीतले मूठभर दाणे ओलाव्याच्या मीटरमध्ये टाकले आणि चौदाचा आकडा दाखवला, की शेतकरी आधी आकड्यावर अविश्वास दाखवतो. मग एक दाणा दाताखाली धरून फोडतो आणि 'कट्' आवाज आला की माल बाराच्या आत असल्याचं जाहीर करतो. तेवढ्याने भागलं नाही तर शेजारच्या आडतीवरचं मीटर मागवतो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ पर्यंत सैल केली, आणि त्या तीन टक्क्यांत काय काय बसतं हे मोंढ्यातल्या कुणालाही विचारावं. भुईकाट्यावर तर भरलेली ट्रॉली एकदा, रिकामी एकदा, आणि दोन्ही वेळा ड्रायव्हर काट्यावर होता की खाली, यावर साक्षीपुरावे होतात. 'काटा मारणे' म्हणजे काय हे या भागात शाळकरी पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. आणि याच शेतकऱ्याच्या घरात हवेची प्रत मोजणारा तळहाताएवढा पांढरा डबा आला, की ही सगळी पिढीजात शंका चपलांबरोबर दाराबाहेर राहते. डब्यावर १८७ उमटलं की १८७. कुणी डबा हलवून बघत नाही, दुसरा डबा मागवत नाही, मापाड्याचं नाव विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की मोंढ्यातली शंका हॉलमध्ये आणावी. हवेचा डबा हासुद्धा एक काटाच आहे, आणि धडा केल्याशिवाय त्याच्यावरचं वजन घेऊ नये.

असे डबे जालन्यात यायला कारणं आहेत. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुन्या बाजारपेठेची. नंतर शहराने नाव कमावलं ते बियाण्यांवर आणि लोखंडी सळयांवर. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली आणि बियाणं शहराच्या नावाला चिकटलं. सळयांचं तसंच झालं. भंगार आणि स्पंज आयर्न भट्टीत वितळवायचं, त्याचे बिलेट ओतायचे, लाटून सळई काढायची, हे काम औद्योगिक वसाहतीत रात्रंदिवस चालतं. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर झाला. हवेच्या मानकांत सतत नापास होणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत जालना मुंबई-पुण्याच्या रांगेत येऊन बसलं. १ मे १९८१ ला जिल्हा झाल्यापासून मुंबई-पुण्याबरोबर एखाद्या यादीत नाव यावं ही जिल्ह्याची इच्छा होतीच. ती अशी पुरी झाली. तेव्हा एखाद्या घराला आपल्या हॉलमधल्या हवेचा आकडा हवासा वाटला तर त्यात नवल नाही. नवल आहे ते त्या आकड्यापुढे हात जोडण्याचं. मापाडी आपला माल तोलतो म्हणून त्याच्यावर डोळा ठेवायचा, हा डबा काही आपल्याकडून हवा विकत घेत नाही, अशी आपली समजूत असते. पण डबाही कुणीतरी विकतो, आणि पुष्कळदा डबा विकणाराच हवा शुद्ध करायचं यंत्रही विकतो. त्या यंत्राच्या अंगावरच एक आकडा चमकत असतो. स्वच्छ हवा जिथून बाहेर पडते तिथून वीतभर अंतरावरची हवा मोजून ते यंत्र स्वतःलाच शाबासकी देत बसतं. आडत्याच्या दुकानात आडत्याच्याच काट्याने तोलण्याचा हा प्रकार आहे.

डबा आत नेमकं काय करतो ते बघू. त्याच्या पोटात एक छोटा पंखा हवा ओढतो, लेझरचा किरण त्या हवेतून जातो, आणि धुळीच्या कणावर आपटून विखुरलेला प्रकाश एक डोळा टिपतो. किती चमका आणि केवढ्या, यावरून कण किती आणि केवढे याचा हिशोब होतो. म्हणजे डबा काहीच तोलत नाही, तो नजरअंदाज करतो. पडद्यावर मात्र 'इतके मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर' असं वजन लिहिलेलं असतं. चमकेपासून वजनापर्यंतचा रस्ता तो गृहीतकांवरून चालून जातो. कण गोल आहे, त्याची घनता अमुक आहे, तो प्रकाश अमुक प्रमाणात परतवतो, असं कारखान्यात कुठल्याशा धुरावर एकदा ठरवलेलं असतं. तो धूर जालन्याचा नसतो. लोहाच्या ऑक्साइडची घनता पाण्याच्या पाचपट. उदबत्तीच्या धुराचा कण त्यामानाने अगदीच हलका. दोन्ही सारखेच चमकले तर डबा दोघांना एकच वजन लावतो. लोखंडी कणाला हे परवडतं, आपल्या फुप्फुसाला परवडतं का हा प्रश्न वेगळा. उलट दिशेचीही चूक होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तिथल्या घरोघरी लागलेल्या पर्पलएअर नावाच्या डब्यांची सरकारी यंत्रांशी गाठ घालून दिली आणि एक सूत्र काढलं. डब्याच्या आकड्याला ०.५२४ ने गुणायचं, सापेक्ष आर्द्रतेच्या टक्क्यांना ०.०८६२ ने गुणून ते वजा करायचं, आणि ५.७५ मिळवायचे. आर्द्रता पन्नास टक्के असताना डबा शंभर म्हणाला, तर खरे सुमारे ५४ निघतात. एखाद्या काट्याने क्विंटलला शेहेचाळीस किलो जास्त दाखवले असते तर मोंढा बंद पडला असता. हे सूत्र जालन्यात जसंच्या तसं लावून मोकळं व्हावं असा मोह होतो, पण ते अमेरिकेच्या हवेवर बेतलेलं आहे. लातूरच्या बाजारातला कडता इथे कुणी कापून घेईल का?

त्यात आपली मोठी धूळ डब्याला जवळजवळ दिसतच नाही. चैत्र-वैशाखात वावटळ उठते, रस्त्यावरचा फुफाटा खिडकीतून येऊन टीव्हीवर बसतो, पोरं त्यावर बोटाने नावं लिहितात, आणि डबा हिरवा दिवा लावून स्वस्थ असतो. त्याच्या इवल्याशा पंख्याला असले जाडे कण आत ओढताच येत नाहीत. आले तरी संख्येने इतके कमी असतात की मोजणीत हरवतात. म्हणून स्वस्त डब्यावर 'पीएम १०' म्हणून जो आकडा येतो तो बहुतेक वेळा बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. श्रावण-भाद्रपदात नेमकं उलटं. हवेतल्या क्षारकणांना ओलावा धरायची सवय असते. आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की ते फुगतात, फुगलेला कण जास्त चमकतो, आणि पावसाने धुऊन निघालेल्या स्वच्छ हवेलाही डबा नावं ठेवतो. सोयाबीनचा ओलावा जो माणूस अर्ध्या टक्क्यापर्यंत भांडून घेतो, त्याने हवेचा ओलावा असा सोडून द्यावा याला काय म्हणावं! उन्हाळ्यात काही घरांत डबा कूलरसमोरच्या टेबलावर ठेवलेला असतो, तोही थंड राहावा म्हणून. कूलरमधून उडालेला पाण्याचा सूक्ष्म तुषार डब्याच्या लेखी धूळच.

कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या डब्यांची कथा याहून सुरस आहे. चांगल्या डब्यात अवरक्त किरणांवर चालणारा सेन्सर असतो आणि तो स्वतःचा स्वतःच जुळत राहतो, असं खोक्यावर अभिमानाने छापलेलं असतं. हा जुळतो कसा? आठवडाभरात दिसलेला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा, असं धरून तो त्या जागी ४०० पीपीएम लिहितो आणि बाकीचे आकडे त्यावरून लावतो. घर आठवड्यातून एकदा तरी पुरतं उघडं पडतं, एवढाच त्याचा माणुसकीवर विश्वास. आता अशी खोली घ्या, जिथे एसी आहे, चार माणसं झोपतात, डासांमुळे खिडकी उघडायची बंदी आहे, आणि अख्ख्या आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा खरोखर ७०० आहे. सातव्या दिवशी सेन्सर ७०० ला ४०० म्हणायला शिकतो. म्हणजे घर जितकं कोंडलेलं, तितकं यंत्र समजूतदार. घरातल्या माणसांना कोंदटपणाची सवय व्हायला काही वर्षं लागतात, यंत्राला एक आठवडा पुरतो. बरं, ते ४०० सुद्धा आता शिळं झालं. हवाई बेटावर मौना लोआला १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा आकडा ३१५ च्या आसपास होता, आता तो ४२० च्या पुढे गेला आहे. या जुळून राहण्याच्या बाबतीत जालन्याचा जुना, खडखडणारा कूलर जिंकतो. तो बाहेरची हवा आत ढकलतो आणि ती निघून जायला खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर घर दमट होतं. त्यामुळे कूलरवाल्याचा डबा आपोआप ठिकाणावर राहतो आणि एसीवाल्याचा भरकटतो.

याहून स्वस्त डब्यात तर कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर नसतोच. धातूच्या ऑक्साइडचा एक तापलेला ठिपका घरातले वास हुंगतो, वास वाढले म्हणजे माणसं वाढली असणार असा तर्क करतो, आणि त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा आकडा ठोकून देतो. ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या की हा डबा घरात तीस माणसं जमल्याचं जाहीर करतो. आरतीच्या कापरानेही त्याची हीच गत होते. वायूंचा 'निर्देशांक' दाखवणारे काही डबे आणखी धोरणी. ते गेल्या चोवीस तासांतल्या सरासरी वासाला १०० मानतात आणि त्याच्या वरखाली किती एवढंच सांगतात. घराला नवा रंग दिला तर पहिल्या दिवशी बोंब, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निवांत. रंगाचा वास गेलेला नसतो, तो सरासरीत मुरलेला असतो. आणि मध्येच वीज गेली, जी जाते, तर कित्येक डबे सगळं विसरून पुन्हा पहिल्या दिवसापासून संसार मांडतात.

समजा डबा अगदी बरोबर मोजतो. तरी तो कोणत्या गावच्या मापाने बोलतो, ते बघायला हवं. बारीक कणांचं, म्हणजे पीएम २.५ चं, चोवीस तासांचं प्रमाण ६० मायक्रोग्रॅम असलं तर आपल्या हवा गुणवत्ता निर्देशांकात ते १०० येतं आणि शेरा मिळतो 'समाधानकारक'. हेच ६० अमेरिकी निर्देशांकात दीडशेच्या वर जातं आणि शेरा मिळतो आरोग्याला अपायकारक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मर्यादेच्या, म्हणजे १५ च्या, ते चौपट आहे. खोली तीच, दिवस तोच. बाहेरून आलेले पुष्कळ डबे अमेरिकी पट्टीवर लावलेले असतात. त्यामुळे एका भिंतीच्या अलीकडे समाधान नांदतं आणि पलीकडे मुलांना खेळायला बंदी होते. दुसरं असं, की हे शेरे चोवीस तासांच्या सरासरीसाठी आहेत. फोडणी पडल्यावर दीड मिनिट डबा ४०० दाखवतो, तेव्हा तो मिनिटाला दिवसाची पट्टी लावत असतो. भुईकाट्यावर ट्रॉली चढताना आकडा उड्या मारतो, तेव्हा पावती फाडा असं कुणी म्हणत नाही. आकडा स्थिरावू देतात.

मग डबा जुळवायचा कसा? मोंढ्याला हे सगळं येतं. तेलाचा रिकामा डबा आधी तोलून त्याचा धडा करतात, तसा हवेच्या डब्याचा शून्याचा धडा करावा. झाकण घट्ट बसणाऱ्या मोठ्या खोक्यात डबा ठेवावा, हेपा गाळणीतून आलेली हवा त्यात सोडावी, आणि अर्ध्या तासाने बघावं. आकडा शून्याच्या आसपास आला तर ठीक, पंधरावर अडून बसला तर ते पंधरा त्याचे स्वतःचे आहेत, घरातले नाहीत. कार्बन डायऑक्साइडसाठी डबा शिवारात न्यावा. दुपारी, वारा असताना, ट्रॅक्टर आणि पेटलेला बांध यांपासून लांब, वीस-पंचवीस मिनिटं ठेवून ४२० च्या आसपास आकडा येतो का पाहावं. पहाटेच्या शुद्ध हवेत नेण्याचा मोह टाळावा. रात्रभर पिकं आणि माती कार्बन डायऑक्साइड सोडत असतात, वारा पडलेला असतो, आणि काव्यात ताजी असलेली पहाट सेन्सरला दुपारपेक्षा जड लागते. नंतर दुसरा डबा. शेजाऱ्याचा, पाहुण्याचा, कुणाचाही आणून दोन दिवस शेजारी शेजारी ठेवावा. दोघे एकत्र चढले-उतरले तर आकडे वेगळे असले तरी चालेल. एक चढताना दुसरा उतरला तर त्यातला एक बिघडलाय, आणि तो शेजाऱ्याचाच असेल असं धरून चालू नये.

खरा धडा मात्र सरकारी काट्याशी. आणि तो खरोखरच काटा आहे. हाताने चालणाऱ्या केंद्रावर गाळणकागद आधी ठरावीक ओलाव्यात सुकवून तोलतात, त्यातून हवा ओढतात, पुन्हा सुकवून तोलतात, आणि फरक तेवढी धूळ. जालन्यात वर्षानुवर्षं ही मोजणी बचत भवन आणि औद्योगिक वसाहतीतलं एका बियाणे कंपनीचं आवार अशा दोन ठिकाणी होत आली. हवा मोजणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या रिवाजाप्रमाणे आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस. आकडे प्रसिद्ध व्हायला उशीर लागतो, पण पावती उशिरा आली म्हणून कुणी फेकून देत नाही. केंद्राजवळ राहणाऱ्याने आपल्या डब्याच्या त्या-त्या दिवसांच्या सरासऱ्या लिहून ठेवाव्यात आणि नंतर ताडून पाहाव्यात, डब्याला कितीने गुणायचं ते निघतं. हे काही हौशी लोकांचं खूळ नव्हे. नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात मुंबई महानगर प्रदेशात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी १५ सरकारी केंद्रांशेजारी ४० स्वस्त सेन्सर ठेवून नेमकं हेच केलं. दोन काटे शेजारी ठेवायची मोंढ्यातली जुनी रीत तिथे सात महिने चालली, फक्त तिचा अहवाल झाला.

यावर पहिला आक्षेप असा, की सरकारी आकडा आहेच, तर घरचा कशाला? याचं उत्तर पावसाने देऊन ठेवलंय. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी. मापक कोरड्या गावात आणि ढगफुटी शेजारच्या गावात झाली, तर शेत वाहून गेलं तरी कागदावर ऊन असतं. हवेचं केंद्रही एका गच्चीवरची हवा मोजतं, आपल्या स्वयंपाकघराची नाही. दुसरा आक्षेप, नाक आहे ना! नाक हे उत्तम यंत्र आहे, पण ते त्या निर्देशांकवाल्या डब्यासारखंच सवयीचं गुलाम. बारीक कणांना तर वासच नसतो. कार्बन मोनॉक्साइडलाही नसतो, आणि इथे थट्टा बाजूला ठेवून एक गोष्ट सांगायला हवी. बहुतेक घरगुती डबे कार्बन मोनॉक्साइड मोजतच नाहीत. बंद न्हाणीघरातला गॅसचा गिझर पेटलेला असताना हॉलमधला हिरवा दिवा बघून निर्धास्त होऊ नये.

तिसरा आक्षेप सगळ्यात रास्त आहे. एवढं सगळं खोटं असेल, तर डबा घ्यायचाच कशाला? कारण ज्याचा आकडा चुकतो त्याला फरक अनेकदा बरोबर कळतो. काटा मारलेला असला तरी दोन गोण्यांतली जड कोणती हे तोच काटा सांगतो, फक्त गोण्या एकाच मालाच्या हव्यात. उदबत्तीच्या धुराची फुफाट्याशी तुलना करू नये, कालच्या उदबत्तीची आजच्या उदबत्तीशी करावी. एका डासांच्या कॉइलमधून निघणाऱ्या बारीक कणांचं वजन ७५ ते १३७ सिगारेटींइतकं भरतं, असं २००३ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात आढळलं होतं. कॉइल लावलेली रात्र आणि मच्छरदाणी लावलेली रात्र यांच्यातला फरक ओळखायला दिल्ली, वॉशिंग्टन किंवा जिनिव्हा यांपैकी कुणाचीच पट्टी लागत नाही. खिडकी केव्हा उघडावी हेही असंच कळतं. आत-बाहेर दोनदा डबा नेला की काम झालं.

इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापन शास्त्र खात्याकडून दर वर्षी तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. हवेच्या घरगुती डब्यावर शिक्का मारायला कुणी येत नाही, म्हणून तो आपणच मारावा, आणि वर्षातून दोनदा मारावा, कारण भाद्रपदात जुळवलेला डबा चैत्रात उपयोगाचा राहत नाही. डब्याच्या मागे कागदाची पट्टी चिकटवावी. तिच्यावर तारीख, कितीने गुणायचं तो आकडा, शून्याला किती दाखवतो ते, आणि खाली 'पावसाळ्यात भरवसा नाही' एवढं लिहावं. पाहुणे आल्यावर डब्याकडे बघून "तुमच्याकडे एकशे चाळीस?" असं काळजीने विचारतात. त्यांना पट्टी वाचून दाखवावी आणि ओलाव्यापासून सुरुवात करावी. बहुतेकांना तेवढ्यात शेवटची बस आठवते.